सासऱ्याने पळवलेला दिवा

"वहिनी, ऐकलंत का? त्या पोरीचा दिवा गेला! आणि चोर घरातलाच निघाला, म्हातारा!"

माईंच्या पोटात बातमी टिकत नाही. सकाळी निवडायची मेथी घेऊन त्या भिंतीशी येतात आणि मेथीपेक्षा गल्लीच जास्त निवडून होते. खंडेराव गेटाच्या आतल्या आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी उंच आहे. तिच्यावर वाटी सरकवता येते, कोपर टेकता येतं, आणि पुरुषमंडळींना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलता येतं. अर्थात त्यांना ऐकू सगळंच जातं.

माईंचं घराणं नारोशंकरांबरोबर झाशीत आलं, असं त्या सांगतात. हो, तेच नारोशंकर, नाशिकच्या घंटेचे. ते इथे सुभेदार होऊन आले १७४२ मध्ये. पुरावा विचारायची गल्लीत कुणाची छाती नाही. आम्ही आपले नोकरीपायी आलेले, त्यामुळे झाशीच्या बाबतीत शेवटचा शब्द माईंचा.

पोरगी म्हणजे माईंकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईची मुलगी. त्यांचं गाव कानपूर रस्त्यावर, बडागावच्या पुढे. बाई रोज टेम्पोने येते, चार घरं आटोपून दुपारी परत जाते. मुलगी दहावीला, बोर्डाचं वर्ष. दिवाळीला बाईला साडी द्यायच्या ऐवजी माईंनी पोरीसाठी सिप्री बाजारातून सौरदिवा आणला होता. वाकवता येईल अशी मान, पायाशी बॅटरी, आणि वायरीने जोडायचं पोस्टकार्डाएवढं पॅनेल. "साडी दिली असती तर सासूने नेसली असती," हे त्यामागचं माईंचं राजकारण. साडी वाचली आणि दिवा सासऱ्याने नेला.

"पण आज्याला दिवा कशाला? पोथी वाचायचीय का?" मी विचारलं.

"पोथी कसली! राखणीला. गहू-हरभरा उभा आहे ना शेतात. अन्ना गायी!"

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सांगायला हवं. बुंदेलखंडात रबीची काढणी झाली की जनावरं मोकळी सोडायची जुनी रीत आहे, तिला अन्ना प्रथा म्हणतात. उन्हाळ्यात रान उघडं असे, चारा नसे, पाण्याची बोंब असे, तेव्हा गाईने आपलं पोट आपण भरावं आणि पावसाच्या तोंडावर गोठ्यात परत यावं. आता भाकड गाय एकदा सोडली की पुन्हा कुणी बांधत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैलालाही काम उरलं नाही, म्हणून गोऱ्हेही रस्त्यावर. त्यांचे कळप बारमाही हिंडतात आणि एका रात्रीत बिघाभर हिरवा गहू साफ करतात. म्हणून पौष-माघाच्या थंडीत इथला शेतकरी मचाणावर घोंगडी पांघरून, काठी आणि बत्ती घेऊन रात्र काढतो.

आता सांगा, चोर कुणाला म्हणायचं? गहू गेला तर पोरीची फी कुठून भरणार? आणि दिवा शेतात गेला तर पोरीने पाढे अंधारात म्हणायचे का?

"दिवा मी पोरीला दिलाय," माई ठासून म्हणाल्या. "म्हाताऱ्याने आपला वेगळा घ्यावा. आयत्या बिळावर नागोबा!"

"पण त्यांच्या घरी वीज आलीय ना? मीटर बसल्याचे पेढे दिले होते तिने."

"मीटर आहे. बिलही येतं, अगदी वेळेवर. वीज तेवढी सवडीने येते."

इथे आमच्या घरातलं वर्तमानपत्र खाली आलं. ह्यांची हयात झाशीच्या भेलमध्ये ट्रान्सफॉर्मर बनवण्यात गेली. देशभर गेलेल्या ट्रान्सफॉर्मरांकडे हे जावयांकडे पाहावं तसं पाहतात, आणि विजेबद्दल कुणी वावगं बोललं की हे ओसरीवरून थेट भिंतीशी. "निर्मितीची कमतरता नाही," हे म्हणाले. "परीछ्याला एवढं मोठं केंद्र आहे. खालच्या लाइनींचा प्रश्न आहे."

परीछा म्हणजे बेतवेच्या काठचं औष्णिक वीजकेंद्र, बाईच्या गावाहून फार लांब नाही. शेतात राखणीला बसलं की त्याच्या धुराड्यांवरचे लाल दिवे दिसतात म्हणे. माई एवढंच म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार." ह्यांनी वर्तमानपत्राची घडी बदलली.

पण माघार घेतली नाही. गावात वीज आली म्हणजे नेमकं काय, त्याची सरकारी व्याख्या ह्यांनी आम्हाला ऐकवली. गावठाणापर्यंत ट्रान्सफॉर्मर आणि लाइन पोचली, शाळा-पंचायत-दवाखान्यासारख्या ठिकाणी वीज मिळाली आणि शंभरातल्या दहा घरांत जोडणी झाली, की गाव विद्युतीकृत. याच हिशोबाने २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लैसांग गावात वीज पोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याचं जाहीर झालं.

"म्हणजे शंभराच्या पंगतीत दहा पानं वाढली," माई म्हणाल्या, "आणि यजमान म्हणाला, झालं, आता विडे वाटा."

ह्यांना हसू आलं, पण न्यायाची बाजूही ह्यांनीच मांडली. नुसती गावं मोजून भागत नाही हे सरकारलाही कळत होतं. म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली आणि गावाऐवजी घर मोजायला सुरुवात झाली. बाईच्या घरात बल्ब लागला तो त्याच लाटेत. ती पेढे घेऊन आली तेव्हा तिच्या तोंडावरचा आनंद खोटा नव्हता. फुकाची टीका मलाही आवडत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी त्या दिवशी भिंतीवर कोपर टेकून ह्यांना ऐकवलंही. मीटर भिंतीला बसतं. बुंदेलखंडातला माणूस रात्री त्या भिंतीच्या आत असतो कुठे? निम्मा हिवाळा तो शेतात. उरलेला परगावी. बाईच्या शेजारचं घर दिवाळी झाली की कुलूप लावून दिल्लीला जातं, बायकापोरांसकट, बिगारीला. बांधकामाच्या कडेला प्लॅस्टिक ताणून राहायचं, होळीला परत यायचं. कुणी पंजाबात जातं, कुणी वीटभट्टीवर. बंद दाराशेजारी मीटर लटकत राहतं आणि कागदावर ते घर प्रकाशमान असतं. त्या घरातल्या बाईने जाताना काय नेलं असेल? पातेली, पीठ, गोधडी, आणि खुंटीवरचा सौरदिवा. खांबावरची वीज गाठोड्यात बांधता येत नाही. उचलून नेता येणाऱ्या दिव्याचं मोल इथे आहे, आणि खांब आले तरी त्याची गरज संपत नाही ती यामुळे.

"वहिनी, तुम्ही भाषण छान करता," माई म्हणाल्या, "पण माझा दिवा कुठाय?"

विषय दिव्याचा निघाला की माईंना आजोळ आठवतं. त्यांचं आजोळ तालबेहटकडचं, तिथे रात्री ढिबरी. आपण चिमणी म्हणतो ती. शाईच्या दौतीत किंवा औषधाच्या बाटलीत रॉकेल, झाकणाला भोक, त्यात चिंधीची वात. "सकाळी नाक शिंकरलं की काळं," माई म्हणाल्या. "आणि मामी सारखी ओरडायची, पदर सांभाळा गं!" त्या ओरडण्यात गंमत काही नव्हती. लवंडलेल्या चिमणीने भाजलेली बाई प्रत्येक गावात एखादी तरी असायची. डी.लाइट नावाची सौरकंदिलांची कंपनी २००७ मध्ये सुरू झाली, तिच्या मुळाशीही असाच अपघात आहे. तिचा एक संस्थापक सॅम गोल्डमन आफ्रिकेत बेनिनमध्ये स्वयंसेवक होता, तिथे शेजारचा मुलगा रॉकेलच्या दिव्याने भयंकर भाजला. पुढे त्या कंपनीचे कंदील आपल्या उत्तर प्रदेशातल्या बाजारातही आले.

रॉकेल स्वस्त होतं तोवर चिमणी हटली नाही, हेही खरं. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर महिन्याला लिटरमागे २५ पैशांनी चढू लागला, आणि २०२० पर्यंत सरकारच्या अनुदानाचा आधार पुरता गेला. हळूहळू वाढवल्यामुळे फार बोंब झाली नाही. सौरदिव्यांची जाहिरात करणाऱ्यांपेक्षा त्या २५ पैशांनी जास्त काम केलं असावं, असा माझा संशय आहे.

मग माईंनी ठेवणीतली बातमी काढली. "आमच्या भाच्याच्या कॉलेजने असे लाखो दिवे वाटलेत." कॉलेज म्हणजे पवईची आयआयटी मुंबई. भाचा तिथे मेसमध्ये दोन वर्षं जेवला, तेवढ्यावर सगळं श्रेय माईंच्या माहेरी जमा. पण गोष्ट खरी आहे. तिथले प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी यांनी शाळकरी मुलांसाठी अभ्यासाच्या सौरदिव्याची योजना आखली. ते मूळचे मध्य प्रदेशातल्या खरगोनकडचे, आणि पहिली चाचणीही तिकडेच झाली. २०१४ पासून मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशात दहा लाख दिव्यांचं काम झालं. एक वॅटचा एलईडी, छोटं पॅनेल, मुलाकडून १२० रुपये. पुढे केंद्र सरकारने ७० लाख दिव्यांची योजना केली, तिच्यात आपला उत्तर प्रदेशही होता, आणि मुलाने द्यायचे १०० रुपये.

"बाकीचे?" माईंनी विचारलं.

"बाकीचे मदतीतून. पण शंभर घ्यायचेच."

"बरोबर आहे. फुकट मिळालं की त्याची किंमत राहत नाही."

मला त्या योजनेतलं दुसरं कलम आवडलं. दिवे कारखान्यातून तयार होऊन आले नाहीत. सुटे भाग आले आणि जोडणी त्याच भागातल्या लोकांनी, पुष्कळ ठिकाणी बचत गटातल्या बायकांनी केली. डाग कसा द्यायचा, वायर कुठे तुटते, हे गावातच कुणाला तरी माहीत झालं. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी तर त्यातून स्वतःची सौर कंपनीच काढली. दिवा देणारे पुष्कळ असतात. तो बंद पडल्यावर कुणाच्या दारात जायचं, ते आधी ठरवणारे थोडे.

माईंच्या मनात मात्र भरला तो भाड्याचा दिवा. दिल्लीच्या टेरी संस्थेने २००८ मध्ये 'लाइटिंग अ बिलियन लाइव्हज' ही मोहीम सुरू केली, तिची रीत अशी होती. गावात एकाच्या छपरावर पॅनेलं, घरात पन्नासेक कंदील चार्ज करायची सोय. संध्याकाळी लोकांनी कंदील न्यायचा, सकाळी परत आणायचा, रात्रीचं थोडं भाडं द्यायचं. सांभाळायचं काम त्या घरातल्या माणसाचं, बहुतेक ठिकाणी बाईचं. माईंच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने असतात, त्यामुळे हा हिशोब त्यांना न समजावता समजला. "डिपॉझिट घेत असतील," त्या म्हणाल्या. "आणि काच फोडली तर वेगळे."

ह्यांना भाड्याच्या कंदिलापेक्षा रामपुऱ्याचा अभिमान. रामपुरा हे झाशी जिल्ह्यातलंच लहानसं गाव, सत्तरेक घरांचं. २००९ मध्ये डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज ही आपली संस्था आणि नॉर्वेची स्कॅटेक सोलर यांनी मिळून तिथे ८.७ किलोवॅटचं सौर वीजघर उभं केलं. गावाची समिती, घरटी पैसे, बॅटऱ्यांची खोली. तेव्हा असं गावाच्या मालकीचं वीजघर ही मोठी नवलाई होती, परदेशी वर्तमानपत्रांतही तिची बातमी आली. डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हजचं बस्तान इथे ओरछ्यातल्या ताराग्रामपासून, त्यामुळे झाशीकरांना ते नाव नवं नाही. "नॉर्वेत हिवाळ्यात धड सूर्य उगवत नाही," माई म्हणाल्या, "आणि ते आम्हाला ऊन वापरायला शिकवणार! काखेत कळसा नि गावाला वळसा." ह्यांनी तेव्हा ट्रान्सफॉर्मरवाल्याला शोभेल अशी शंका काढली होती, की ८.७ किलोवॅटवर एक धड पिठाची गिरणी चालली तर पुष्कळ. आता तेच रामपुऱ्याचं कौतुक सांगतात. निवृत्तीने माणूस मवाळ होतो.

एवढं होईपर्यंत मेथी निवडून झाली होती, पण खटला तसाच होता.

रविवारी पोरगी स्वतः आली, दिवा घेऊन. आज्याने परत केला होता, पण पेटत नव्हता. "हार में गिर गओ," ती म्हणाली. हार म्हणजे शेत. मचाणावरून पडला होता. माई म्हाताऱ्याचा उद्धार करायला सुरुवात करणार, तोच ह्यांनी भिंतीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पेचकस मागितला.

पोरीने ह्यांना हात लावू दिला नाही. चार स्क्रू तिनेच काढले. आत पाहिलं तर केवढासा ऐवज: बोटाएवढी बॅटरी, नखाएवढी हिरवी पट्टी, दोन वायरी. लाल वायर पट्टीवरून सुटलेली. चार्जिंगची पिन जिथे खुपसायची ते भोक सैल झालेलं. त्यात तिने वहीच्या कागदाची घडी घालून पिन घट्ट केलेली होती. पॅनेलवर पोपटाच्या चोचीएवढा ओरखडा आणि त्यावर शेताची बारीक माती चिकटलेली. ह्यांनी कावियाने, म्हणजे सोल्डरिंगच्या दांडीने, डाग दिला, तो पहिल्यांदा बसला नाही, कारण वायरीच्या टोकाला दव लागून हिरवट गंज चढला होता. पोरीने ब्लेडने तार खरवडली. दुसऱ्यांदा बसला. दिवा लागला, भर उन्हात, त्यामुळे लागला की नाही हे बघायला माईंना त्यावर पदर धरावा लागला.

मग ह्यांची शिकवणी. पॅनेल रोज ओल्या फडक्याने पूस. छपराच्या सावलीत टाकू नकोस. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज निम्म्याहून खाली येते. मे महिन्यात ऊन पंचेचाळीस अंशांचं म्हणून दिवा जास्त चार्ज होईल असं समजू नकोस. पॅनेल तापलं की उलट कमी देतं, त्याला ऊन हवं, ताप नको. बॅटरीही उन्हात ठेवू नकोस, ती सावलीला, पॅनेल तेवढं बाहेर. आणि धुक्याचे आठ दिवस आले की दिवा पुरा लावायचा नाही, मंद बटणावर ठेवायचा.

"और बंदर?" पोरीने विचारलं.

यावर ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. झाशीच्या माकडांपुढे भेलचं काही चालत नाही. माईंनी सुचवलं की पॅनेल तुळशीवृंदावनाला तारेने बांधावं. मला वाटतं, माकडाला तुळशीचं काही वाटत नसावं, पण तारेने भागेल.

पोरगी दिवा पिशवीत घालत असताना माईंनी तिला नेमकं विचारलं, आता आजा पुन्हा नेणार नाही कशावरून? ती गप्प राहिली. मग म्हणाली की बब्बा रात्री एकटे असतात, मागच्या महिन्यात शेजारच्या शेतात साप निघाला होता, आणि तिनेच त्यांना दोनदा दिवा नेऊन दिला. तिसऱ्यांदा ते न विचारता घेऊन गेले, म्हणून आई चिडली.

माईंचं तोंड बघण्यासारखं झालं. चोरीची फिर्याद घेऊन आठवडाभर गल्ली पालथी घातली आणि फिर्यादीच चोराला सामील! समोरच्या भाभींना आता काय सांगायचं, हा पहिला प्रश्न. मग त्या आत गेल्या आणि पर्स घेऊन आल्या.

"वहिनी, म्हाताऱ्याला एक बत्ती घेऊन देऊ. ती टॉर्चसारखी असते ना, पॅनेलवाली, लांब झोत पडतो ती. निम्मे तुम्ही, निम्मे मी."

"फुकट?" मी म्हटलं. "त्या दिवशी तर शंभर रुपयांचं तत्त्वज्ञान सांगत होतात."

"फुकट कोण म्हणतंय? पैसे त्याच्याकडे नसणार. चैत्रात कठिया गहू निघेल, त्याचा दलिया द्यायचा त्याने." बुंदेलखंडाचा हा कठिया, कमी पाण्यावर येणारा; आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

पोरीने मनातल्या मनात काही हिशोब केला. "दो किलो," ती म्हणाली.

"पाच," माई म्हणाल्या.

"माई, बत्ती चारशेची येते," हे मधेच बोलले. "पाच किलोचा भाव काढलात का?"

"तुम्ही तुमचा कावळा की कावि‍या काय तो आवरा आधी, भिंत जाळाल. चल गं, तीन. आणि बब्बाला सांग, पडून फुटली तर मी नवी देणार नाही, डाग द्यायला इकडेच आणायची. अहो वहिनी, ते राहूच दे, समोरच्या भाभींकडे काल रात्री गाडी कुणाची होती?"